जोड आणि मूळ : जुन्या मोटारीवरील स्टेपनी कॅरियरचा प्रश्न

जुन्या मोटारीला स्टेपनी ठेवण्यासाठी कॅरियर बसवणे हे वरवर पाहता गॅरेजमधले साधे काम आहे. लोखंडी पट्टीचे एक कडे, दोन-तीन ब्रॅकेट आणि थोडे नट-बोल्ट एवढ्यावर ते भागते. पण मोटार शंभर वर्षांची असेल आणि तिच्या मूळ रूपासाठीच ती जपली जात असेल, तर याच कामातून तत्त्वज्ञानातले काही फार जुने प्रश्न समोर येतात. वस्तूचे मूळपण कशात असते : तिच्या द्रव्यात, आकारात की कार्यात? तिला नवा भाग जोडला तर ती तीच राहते का? आणि जी वस्तू आधी दुसऱ्यांची होती व पुढेही दुसऱ्यांची होणार आहे, तिच्यात फेरफार करण्याचा आजच्या मालकाला कितपत अधिकार आहे? फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार या प्रश्नांच्या विचाराला विशेष सोयीची आहे, कारण तिच्या बाबतीत ‘मूळ गाडी’ म्हणजे काय हे ठरवणेच सोपे नाही.

मॉडेल टी आणि जादा टायर

मॉडेल टीचे उत्पादन अमेरिकेत १९०८ साली सुरू झाले आणि १९२७ साली थांबले. या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. सुरुवातीच्या गाड्यांची चाके लाकडी आऱ्यांची असत आणि लोखंडी रिम चाकाला कायमची बसवलेली असे. टायरची कड रिमच्या वळलेल्या काठात अडकलेली असे. पंक्चर झाले की चालकाने रस्त्याच्या कडेला गाडी उचलायची, लिव्हरने टायर सोडवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे, टायर पुन्हा चढवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. त्यातही पुढचे टायर ३० बाय ३ इंचांचे आणि मागचे ३० बाय साडेतीन इंचांचे असत; म्हणजे एकच जादा टायर चारही चाकांना चालेलच असे नव्हते. १९१९ पासून चाकावरून काढता येणारी रिम उपलब्ध झाली आणि तिच्यासोबत चारही टायर एकाच मापाचे झाले. तेव्हापासून हवा भरलेला टायर रिमसकट गाडीच्या मागे नेणे आणि गरज पडताच काही बोल्ट सोडवून बदलणे शक्य झाले. गाडीच्या मागे बसणारा कॅरियर हा या बदलाचा स्वाभाविक भाग होता.

याच अडचणीवर ब्रिटनमध्ये दुसरा उपाय निघाला होता. वेल्समधील लानेली या गावी १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी टायर चढवलेली बिनआऱ्यांची एक जादा रिम तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ती पकडींनी बसवता येई. गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून तिला स्टेपनी हे नाव मिळाले आणि भारतात जादा चाकासाठी ते आजही रूढ आहे.

गाडीबरोबर काय येते आणि काय वेगळे घ्यावे लागते, याची सीमाही त्या काळी आजच्यापेक्षा सैल होती. १९०९ सालच्या टूरिंग गाडीची किंमत ८५० डॉलर होती आणि सुरुवातीला छत, समोरची काच व गॅसचे दिवे यांचे पैसे निराळे पडत. इतर कारखान्यांनी या गाडीसाठी बनवलेले जोडसामान दुकानांतून आणि टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांकडून मोठ्या प्रमाणावर विकले जाई. त्यात निरनिराळ्या प्रकारचे कॅरियरही असत. त्यामुळे १९१५ सालच्या एखाद्या गाडीला पुढे दोन वर्षांनी तिच्या पहिल्या मालकाने कॅरियर लावला असेल, तर तो मूळ म्हणायचा की नंतरचा, हा प्रश्न पहिल्यापासूनच त्या गाडीच्या इतिहासात आहे.

रथ कोठे आहे

भागांची बनलेली वस्तू आणि तिचे भाग यांचा संबंध भारतीय परंपरेने वाहनाच्याच उदाहरणाने तपासला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर, आणि त्याची राजधानी सागल. राजा रथातून आला हे ऐकल्यावर नागसेन त्याला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळे भाग एकत्र घेतले तरी रथ नावाचा वेगळा पदार्थ हाती लागत नाही. या भागांच्या आधाराने व्यवहारात वापरले जाणारे नाव म्हणजे रथ, असा निष्कर्ष निघतो. सातव्या शतकात चंद्रकीर्तीने हा विचार आणखी काटेकोर केला. रथ भागांहून वेगळा नाही, भागांशी एकरूपही नाही, तो नुसता भागांचा ढीग नाही आणि केवळ आकारही नाही, अशा सात बाजूंनी त्याने रथाची तपासणी केली. तरीही व्यवहारात रथ आहे, त्यात बसता येते, तो चालवता येतो, हे त्याने नाकारले नाही.

ग्रीक परंपरेत हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या रूपाने येतो. प्लुटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी ते जहाज पिढ्यानपिढ्या जपले. कुजलेली फळी काढून ते नवी बसवत आणि पुढे ते तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्ववेत्ते वाद घालत. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने प्रश्न अधिक अवघड केला. काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी सांभाळून ठेवल्या आणि त्यांतून जुन्या क्रमाने जहाज बांधले, तर दोघांपैकी खरे कोणते?

थीसियसच्या जहाजात जुना भाग जाऊन नवा येतो. कॅरियरचे तसे नाही. येथे काहीही काढले जात नाही, फक्त जोडले जाते. म्हणून ‘किती भाग बदलले म्हणजे वस्तू बदलते’ हा नेहमीचा प्रश्न येथे पुरा पडत नाही. बाहेरून आलेली जोड वस्तूचा भाग केव्हा होते आणि केव्हा नुसती तिच्याजवळ राहते, हे आधी ठरवावे लागते. न्याय-वैशेषिक दर्शनाने याच ठिकाणी मोलाचे भेद केले आहेत.

संयोग आणि समवाय

वैशेषिकांच्या मते दोन प्रकारचे संबंध वेगळे ओळखले पाहिजेत. संयोग हा आधी स्वतंत्रपणे असलेल्या दोन द्रव्यांचा संबंध आहे. तो घडतो आणि तुटतो, आणि तुटल्यावरही दोन्ही द्रव्ये शिल्लक राहतात. समवाय हा जी दोन एकमेकांपासून वेगळी राहू शकत नाहीत त्यांचा संबंध आहे. कापड आपल्या धाग्यांत समवायाने असते. धागे सोडून कापड दुसरीकडे ठेवता येत नाही. बौद्धांच्या उलट वैशेषिक अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, खरी मानतात. ती भागांहून वेगळी आहे, पण भागांतच राहते.

त्यांचा पुढचा सिद्धांत अधिक कठोर आहे. एखादा अवयव गेला किंवा नवा आला की पूर्वीचा अवयवी नष्ट होतो आणि दुसरा उत्पन्न होतो. काठ फुटलेला घट हा पहिल्या घटाहून निराळा आहे. तो तोच वाटतो याचे कारण दोघांमधले साम्य. हा सिद्धांत जसाच्या तसा लावला तर कारखान्यातून बाहेर पडलेली मॉडेल टी पहिल्या मैलातच संपली, कारण टायरचे कण रस्त्यावर घासून गेले. यातून निघणारी गोष्ट निराशेची नाही. पूर्णपणे अस्पर्श राहिलेली मूळ गाडी कोणाकडेच नाही, हे त्यातून स्पष्ट होते. जपणुकीचा आदर्श अशा अस्पर्श अवस्थेवर उभा करता येत नाही; तो दुसऱ्या कशावर तरी उभा करावा लागतो.

तो आधार याच दर्शनातल्या आणखी एका भेदात सापडतो. प्रत्येक संयोगातून नवे द्रव्य उत्पन्न होत नाही. धाग्यांच्या संयोगातून कापड उत्पन्न होते, म्हणून तो द्रव्यारंभक संयोग. जमिनीवर घट ठेवला तर घट आणि जमीन यांचा संयोग होतो, पण त्यातून तिसरे द्रव्य जन्माला येत नाही. कॅरियरचा प्रश्न आता नेमका मांडता येतो : चासीशी त्याचा जो संयोग होतो, तो द्रव्यारंभक आहे की नाही?

उत्तर बसवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. कॅरियर चासीच्या टोकाला पकडींनी आवळून बसवला, किंवा तेथे आधीपासून असलेल्या भोकांतच बोल्ट घातले, तर संयोग तुटल्यावर गाडी आणि कॅरियर दोन्ही पूर्ववत उरतात. असा संयोग घट-भूतलाच्या संयोगाच्या जवळचा आहे. चासीला नवी भोके पाडली की गोष्ट बदलते. भोक पाडताना धातू निघून जातो आणि तो परत येत नाही. कॅरियर काढला तरी भोक राहते. वैशेषिकांच्या भाषेत बोलायचे तर येथे जोडीच्या आधीच अवयवाचा नाश झाला आहे. वेल्डिंगमध्ये धातू वितळून दोन भाग एक होतात. तेथे तर वेगळे काढण्यासाठी कापावेच लागते. म्हणजे ‘जोडले’ हा एकच शब्द तीन अगदी निराळ्या घटनांना लावला जातो आणि त्यांचे मोल सारखे नाही.

यंत्रविद्याही याच दिशेने बोलते. मागे टांगलेल्या चाकाचे वजन मागच्या आसाच्याही पलीकडे पडते. खडबडीत रस्त्यावर ते वजन हिसके देते आणि हिसक्यांचा भार चासीच्या शेपटाकडे जातो. वाकण्याचा ताण पन्हळीच्या आकाराच्या चासीच्या वरच्या व खालच्या कडांवर जास्त असतो, त्यामुळे तेथे पाडलेले भोक चासीला सर्वात जास्त कमजोर करते आणि भोकाच्या काठापासून तडा जाण्याची शक्यता वाढते. जी पद्धत वस्तूच्या अस्तित्वाला धक्का लावते तीच तिच्या बळकटीलाही धक्का लावते.

तीन माणसांची तीन दुःखे

बदल झाला की मूळ संपले आणि मूळ टिकले म्हणजे बदल झालाच नाही, ही दोन टोके जैन दर्शन मान्य करत नाही. जे आहे ते एकाच वेळी उत्पन्न होते, नष्ट होते आणि टिकूनही राहते, असा त्याचा सिद्धांत आहे. आचार्य समंतभद्राने ‘आप्तमीमांसे’त त्यासाठी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला तर ज्याला घट हवा होता तो दुःखी होतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला सोनेच हवे होते त्याला सुखही नाही व दुःखही नाही. तिघांच्याही भावनांना वस्तूतच कारण आहे.

जुन्या मोटारीभोवती असेच तिघे जमतात. ज्याला १९१५ सालची नेमकी बाह्याकृती हवी आहे, त्याला मागचा कॅरियर खुपतो. ज्याला ती गाडी लांबच्या रस्त्यावर चालवायची आहे, त्याला तो दिलासा वाटतो. ज्याचे लक्ष जुन्या धातूवर आणि त्यावरच्या खुणांवर आहे, तो चासी अबाधित असेल तर तटस्थ राहतो. या दर्शनाची शिकवण अशी की तिघांपैकी कोणीही भ्रमात नाही. चूक होते ती आपलीच बाजू ही सगळी वस्तू आहे असे मानण्यात.

चालवणाऱ्याची बाजू विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जो काही कार्य करू शकतो तोच पदार्थ खऱ्या अर्थाने आहे, असे बौद्ध आचार्य धर्मकीर्तीचे मत आहे. मोटार चालण्यासाठी बनली. संग्रहात कधीच न हलणाऱ्या मोटारीचे द्रव्य जपले जाते, पण ज्या कार्यासाठी ते द्रव्य त्या रचनेत आले ते कार्य थांबते. रस्त्यावर नेण्याचा धीर कॅरियरमुळे येत असेल, तर त्यानेही जपणुकीलाच हातभार लावला. मात्र हा युक्तिवाद कार्य खरोखर साधत असेल तोवरच चालतो. १९१५ सालच्या गाडीची रिम चाकापासून सुटत नाही. तेथे कॅरियरवर फार तर नुसता टायर नेता येईल आणि तो रस्त्यावर चढवावाच लागेल. चाक चटकन बदलायचे असेल तर चाकेच बदलावी लागतील. एक जोड दुसरीला बोलावते आणि जोडण्याचे रूपांतर बदलण्यात होते. कार्याचा दाखला देणाऱ्याने ही साखळी कोठे थांबणार, याचा हिशेब आधीच केला पाहिजे.

प्रतिनिधी द्रव्याचा विचार

जुना, त्या काळचा कॅरियर मिळाला नाही तर आज घडवलेला चालेल का, हा पुढचा प्रश्न. याला सर्वात जवळचा विचार पूर्वमीमांसेत आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात यज्ञातील प्रतिनिधी द्रव्याची चर्चा येते. विहित द्रव्य मिळाले नाही म्हणून कर्म सोडायचे नसते. व्रीही, म्हणजे भात, नसेल तर नीवार हा रानभात घेता येतो; मात्र पर्यायी द्रव्य मूळ द्रव्याशी शक्य तितके सदृश असावे. प्रतिनिधीला मर्यादाही आहेत. देवता, अग्नी, मंत्र आणि यजमान यांच्या जागी दुसरे काही चालत नाही. ती बदलली तर कर्म तेच राहत नाही.

हा विचार मोटारीला लावला तर दोन गोष्टी मिळतात. पहिली, जुन्या नमुन्यावरून घडवलेला कॅरियर हा सदृश प्रतिनिधी आहे आणि प्रतिनिधी म्हणून तो निर्दोष आहे. प्रतिनिधीला मूळ म्हणून सांगितले की दोष येतो. दुसरी, काही घटक असे आहेत की ज्यांना प्रतिनिधी नसतो. ते कोणते, हे प्रत्येक परंपरेला ठरवावे लागते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ते कायद्यापुरते ठरवले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. महाराष्ट्रातल्या संग्राहकालाही हाच नियम लागू आहे. पकडींनी बसवलेल्या कॅरियरने चासीत बदल होत नाही. चासी कापून केलेल्या कामाविषयी तसे म्हणता येत नाही.

द्रव्यापेक्षा विधी आणि परंपरा यांत सातत्य पाहणारी उदाहरणे धर्मजीवनात आहेत. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात नवकलेवराच्या वेळी लाकडी मूर्ती नव्याने घडवल्या जातात. अलीकडचा असा सोहळा २०१५ साली झाला. जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते. तेथे जुने द्रव्य जाते, पण घडवण्याचे ज्ञान आणि अर्पणाचा क्रम अखंड राहतो, म्हणून भक्तांना देवता तीच असते. मोटारीच्या बाबतीत या उदाहरणांचा आधार जपूनच घ्यावा लागतो. देवस्थानातल्या नूतनीकरणाला विधीची संमती असते, ते उघडपणे होते आणि संपूर्ण समाज त्याचा साक्षी असतो. एकट्या मालकाने गॅरेजमध्ये केलेल्या बदलाला असे साक्षी नसतात. त्यांची जागा लेखी नोंदीने भरून काढावी लागते.

सनदा आणि निकष

संरक्षणशास्त्राने याच विचारांना नियमांचे रूप दिले. वास्तूंसाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले की गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग मूळ भागापासून ओळखू आला पाहिजे. अस्सलपणाचा अर्थ त्या त्या संस्कृतीच्या संदर्भात पाहावा, हे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केले. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ साली तुरीन सनद स्वीकारली. वापरासाठी बदल करावाच लागला तर तो नजरेत न भरणारा आणि पूर्ववत करता येणारा असावा, काढलेले मूळ भाग गाडीबरोबर सांभाळावेत आणि कामाची नोंद ठेवावी, हा तिचा आशय आहे.

अमेरिकेतील अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका ही १९३५ साली स्थापन झालेली संस्था परीक्षणासाठी निराळा निकष वापरते. विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या हाती जशी दिली असती, तशी ती असावी. त्या वर्षीच्या कारखान्याच्या सूचीत किंवा विक्रीपत्रकात दाखवलेले जोडसामान चालते. हा निकष एका क्षणाला प्रमाण मानतो. तुरीन सनद गाडीचे सगळे आयुष्य प्रमाण मानते. पहिल्या मालकाने १९१७ साली लावलेला बाहेरच्या कारखान्याचा कॅरियर पहिल्या निकषात बसत नाही, पण दुसऱ्या दृष्टीने तो जपण्याजोगा पुरावा आहे आणि तो काढून टाकणे हाच बदल ठरेल.

या सगळ्या विचारांतून जोडीच्या कसोट्या क्रमाने मांडता येतात. पहिली गरजेची : जोडीने गाडीचे कार्य खरोखर साधते का. दुसरी अबाधेची : मूळ धातू कापला, टोकरला किंवा वितळवला जातो का. तिसरी परतीची : जोड काढल्यावर गाडी पूर्ववत होते का. चौथी सादृश्याची : जोड त्या काळाशी आणि त्या गाडीशी जुळते का. पाचवी सत्याची : जोड केव्हा आणि कशी आली हे पुढच्या माणसाला कळेल का. यांतली दुसरी आणि पाचवी कसोटी सर्वात वजनदार आहे. जुनी मोटार ही ती घडवणाऱ्या कामगारांच्या हातांची आणि एका काळाच्या गरजांची साक्ष असते. मूळ धातू नष्ट केला तर साक्ष पुसली जाते, आणि नवी जोड जुनी म्हणून दाखवली तर ती खोटी होते. गांधीजींनी संपत्तीविषयी मांडलेली विश्वस्ताची कल्पना येथे पूर्ण लागू पडते. विश्वस्ताला वापराचा अधिकार आहे, पण मूळ ठेव घटवण्याचा नाही.

त्यानुसार निर्णयही स्पष्ट होतात. सुट्या रिमची चाके असलेल्या १९२१ सालच्या गाडीला, मूळ जागी व मूळ भोकांत, त्या नमुन्याचा कॅरियर बसवणे हे अपूर्ण गाडी पूर्ण करण्यासारखे आहे आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही. १९१५ सालच्या गाडीला पकडींनी बसवलेला, नोंद ठेवलेला कॅरियर ही मान्य होण्याजोगी जोड आहे, पण तिला मूळ म्हणता येत नाही. त्याच गाडीच्या चासीला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून तो बसवणे टाळावे, कारण जादा टायर नेण्याचे दुसरे मार्ग उपलब्ध असतात आणि गेलेला धातू कोणत्याही मार्गाने परत येत नाही. आधीच्या मालकाने भोके पाडून ठेवलेली असतील तर ती बुजवण्याची घाई करू नये. ती गाडीच्या इतिहासाचा भाग झाली आहेत आणि नव्या कॅरियरचे बोल्ट, तेथे चासी बळकट असेल तर, त्यांतूनच नेता येतात.